ढकलून नव्हे, शिकून पोहायचं

हातातलं काम उरकलं असेल तर निवांत बसा, उरकलं नसेल तर भाकरी थापता थापता ऐका. एरवी आपण इथे शेळ्या, सोयाबीन, बँकेचं कर्ज, मुलींची शाळा असं बोलत असतो. आज आमच्या बचत गटाच्या नऊ जणी पोहण्याबद्दल बोलणार आहोत. सांगायचं आहे ते एवढंच, की जिला मुळीच पोहता येत नाही तिनं पोहणं जाणत्या माणसाकडून, रीतसर, पायरीपायरीनं शिकावं. आपलं आपण नाही, आणि कुणी ढकलून तर नाहीच नाही.

तुम्हाला हसू आलं असेल. आम्हालाही आलं होतं. आमच्या नऊ जणींत धाकटी चोवीस वर्षांची आणि थोरली अठ्ठावन्न वर्षांची, नातवंडं असलेली. या वयात पाण्यात उतरायची वेळ का आली, ते आधी सांगतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या शिवारात एका शेततळ्यात दोघी जावा गेल्या. धाकटी बादलीनं पाणी घ्यायला वाकली होती. शेततळ्याचा कागद ओला, त्यावर शेवाळ. पाय सटकला. थोरली शेजारच्या वाफ्यात खुरपत होती. ओरडा ऐकून ती धावली आणि तशीच आत उतरली. पोहता दोघींनाही येत नव्हतं. काठापासून दहा पावलांवर ठिबकच्या जुन्या नळीचं वेटोळं पडलं होतं. ती नळी फेकता आली असती. पण अशा वेळी काय करायचं हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिला नाही आणि आम्हालाही नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी कुणी उठेना. मग एकीनं विचारलं, "आपल्यात पोहायला कुणाला येतं गं?" सतरा जणींत एकच हात वर झाला, तोही अर्धा. ती लहानपणी भावांबरोबर ओढ्यात डुंबलेली होती, एवढंच.

विचार करा मैत्रिणींनो, घरात पाण्याशी सगळ्यात जास्त संबंध कुणाचा? नदीवर धुणं आपण नेतो. म्हशी पाण्यावर आपण नेतो. विहिरीवर मोटर बंद पडली तर डोकावून आपण बघतो. शेततळ्यातून कळशी आपण भरतो. आणि पोहायला मात्र घरातल्या पोरांना शिकवायचं, पोरींना नाही. पोरगी दहा वर्षांची झाली की तिचं विहिरीवर जाणं बंद होतं, पण पाणी आणणं काही बंद होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मरण पावली. आपल्या देशात अपघाती मृत्यूंची जी सरकारी नोंद होते, तिच्यात २०२२ या एका वर्षात बुडून गेलेल्यांचा आकडा ३५ हजारांच्या वर आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातही तसंच झालं. त्यामागची जी कारणं पुढे आली त्यांत एक हेही होतं, की बायकांना पोहता येत नव्हतं. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, ते तर आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यातही बायकामुलं होती.

तर आम्ही ठरवलं की पोहायला शिकायचं. ठरवलं म्हटल्यावर गावभर सल्ले सुरू झाले. पारावरची मंडळी म्हणाली, "पोहणं काय शिकवायचं असतंय होय? आमच्या आज्यानं आम्हाला धरलं आणि विहिरीत टाकलं. दोन गटांगळ्या खाल्ल्या, आलं आपसूक."

हे बोलणं तुमच्याही गावात असणार, म्हणून त्याचा नीट विचार करू. ढकलल्यावर पोहायला आलेली माणसं खरंच आहेत. पण पारावर बसून हे कोण सांगतंय? जे वर आले ते. जे वर आले नाहीत ते पारावर येऊन सांगू शकत नाहीत. शिवाय त्या ढकललेल्या पोराच्या कमरेला दोर होता, पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर पत्र्याचा डबा बांधलेला होता आणि विहिरीत आधीच दोन पोहणारे उतरलेले होते, हे सांगताना विसरतं. म्हणजे तीही एक शिकवणीच होती, फक्त तिला शिकवणी म्हणत नव्हते. आज विहिरीवर तशी चार जाणती माणसं कुठे असतात? दोर गेला, बिंडा गेला, उरलं ते ढकलणं.

आमच्या तालुक्याच्या गावी पोहण्याचा तलाव आहे. तिथे दुपारी तासभर फक्त बायकांसाठी असतो आणि शिकवायला बाई आहेत. बाईंकडे गेलो. फी एकदम द्यायला सगळ्यांकडे नव्हती, म्हणून गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. कर्जाचं कारण वहीत 'शिक्षण' असं लिहिलं. सचिवताईंनी दोन मिनिटं पेन थांबवलं, मग म्हणाल्या, "बरोबरच आहे की."

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या घाबरलेल्या. वाटलं, आता पाण्यात घालतील आणि हातपाय मारायला लावतील. बाईंनी आम्हाला पायरीवर बसवलं, पाय पाण्यात सोडायला लावले आणि विचारलं, "रिकामी घागर पाण्यावर पालथी टाकली तर काय होतं?" आम्ही म्हटलं, तरंगते. "आणि भरली की?" बुडते. "मग तुमची घागर कुठंय?" आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. त्यांनी छातीवर हात ठेवला. "ही घागर. हिच्यात हवा असली की तुम्ही तरंगता."

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं शरीर पाण्याहून फारसं जड नसतं. छातीत श्वास भरलेला असला तर बहुतेक माणसं पाण्यापेक्षा किंचित हलकी होतात आणि तरंगतात. पण किंचितच. म्हणून शरीराचा थोडासाच भाग पाण्यावर राहू शकतो. बुडणारं माणूस काय करतं? हात वर करतं आणि ओरडतं. हात पाण्याबाहेर गेले की त्यांचा भार वर येतो आणि तेवढं डोकं खाली जातं. ओरडलं की छातीतली हवा जाते, म्हणजे घागर भरायला लागते. डोकं उंच काढायला बघितलं की पाय खाली जातात आणि माणूस पाण्यात खांबासारखं उभं राहतं. जिवाच्या भीतीनं आपण आपोआप जे जे करतो, ते सगळं बुडवणारंच असतं. शिकवणी हवी ती याचसाठी. पाण्यात आपलं मन जे सांगतं त्याच्या उलट करायचं असतं, आणि उलट करायची सवय एकटीनं लागत नाही. शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं, जिच्यावर आपला भरवसा आहे.

आता शिकवणीचा क्रम सांगतो. हा ऐकून घरी करून बघायचा नाही. चांगली शिकवणी कशी असते, ते ओळखता यावं म्हणून सांगतोय.

पहिल्या दिवशी फक्त श्वास. कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभं राहायचं, तोंडानं श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातोंडानं बुडबुडे सोडायचे. पुन्हा वर, पुन्हा श्वास. लहान पोरांचा खेळ वाटतो, पण आमच्यातल्या तिघींना चेहरा पाण्यात घालायलाच तीन दिवस लागले. बाईंनी घाई केली नाही.

मग पालथं तरंगणं आणि त्याच्याबरोबरच उठून उभं राहणं. हे उभं राहणं फार महत्त्वाचं. पालथं पडलेल्या माणसाला कमरेएवढ्या पाण्यातही उभं राहता येत नाही, गोंधळ उडतो. गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला लागले की मग डोकं वर काढायचं. एवढी युक्ती माहीत नसली तर माणूस उथळ पाण्यातही जातं.

त्यानंतर उताणं तरंगणं. कान पाण्यात, हनुवटी वर, पोट आभाळाकडे, हात पसरलेले. जीव वाचवायला सगळ्यात कामाचं हेच. उताणं पडता आलं की तोंड आपोआप पाण्याबाहेर राहतं, श्वास चालतो, दम खाता येतो आणि मदतीची वाट बघता येते. बाई म्हणायच्या, "पोहणं नंतर. आधी पाण्यावर झोपायला शिका."

मग कठडा धरून पाय मारणं, भिंतीला पाय रेटून सुळकन पुढे जाणं, त्याला हातांची जोड, त्यात श्वासाचा मेळ. शेवटी खोल पाणी आणि खोल पाण्यात उभ्या उभ्या पाय हलवत तग धरणं.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? थोडे हातपाय मारता आले की झालं. बाईंनी आम्हाला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. जिला अजिबात येत नाही ती निदान पाण्याला भिऊन काठावर राहते. जिला अर्धवट येतं ती खोलात जाते. आपलं आपण शिकलेलं माणूस बहुतेक वेळा मान उंच धरून, हातपाय झपाझप मारत पोहतं. मान वर म्हणजे पाय खाली, म्हणजे प्रत्येक हाताला दुप्पट जोर. दोन मिनिटांत दम लागतो. चार पोरं बघत असली की अशा माणसाला वाटतं, आपल्याला येतंय. विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जमतं म्हणून ते नदीत उतरतं. विहिरीला ओढ नसते, नदीला असते.

आणि एकदा चुकीची सवय लागली की ती मोडायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आमच्यात ती ओढ्यात डुंबलेली मैत्रीण होती ना, अर्धा हात वर केलेली? सगळ्यात शेवटी तिलाच नीट पोहायला आलं. तिची मान काही केल्या खाली जाईना. बाकीच्या कोऱ्या पाट्या होत्या, त्यांच्यावर लवकर लिहिलं गेलं.

शिकलेल्यांनाही शिकवणारं माणूस लागतंच. आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. ते करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या महिला. त्याही लहानपणी कोलकात्याच्या क्लबात सचिन नाग यांच्यासारख्या नामवंत जलतरणपटूच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. महिन्याभरानं, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि पार गेल्या. एवढ्या मोठ्या पोहणारीला शिकवणीची लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी?

शिकवणीतला दुसरा मोठा फायदा असा, की दुसऱ्याला वाचवायचं कसं तेही कळतं. आणि त्यातला पहिला धडा आहे, पाण्यात उतरायचं नाही. हे आम्हाला ऐकवेना. आपलं माणूस बुडतंय आणि उतरायचं नाही? बाईंनी समजावलं. बुडणारं माणूस हाताला येईल त्याला कवटाळतं आणि त्याच्यावर चढायला बघतं. त्याची चूक नसते, भीती ते करवते. म्हणून एकाच ठिकाणी माय आणि लेक, भाऊ आणि भाऊ, जाऊ आणि जाऊ असे पाठोपाठ जातात. चांगलं पोहणाऱ्यालाही ते जड जातं, तिथे न येणाऱ्यानं उडी घातली तर एकाचे दोन होतात.

मग करायचं काय? आधी मोठ्यानं हाका मारून माणसं गोळा करायची. काठावर पालथं पडून काठी, फावड्याचा दांडा, बांबू पुढे करायचा. तेवढं पुरत नसेल तर फेकायचं. दोर, ठिबकची नळी, टायरची ट्यूब, बूच लावलेला रिकामा कॅन. काहीच नसेल तर अंगावरची साडी. २०२० साली तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणावर तीन बायकांनी नेसलेल्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि बुडणाऱ्या चौघांपैकी दोघा तरुणांना ओढून काढलं. त्यांच्या राज्य सरकारनं त्यांना शौर्याचा कल्पना चावला पुरस्कार दिला. अशा वेळी लाज धरायची नसते, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणखी एक ऐकून ठेवा. बुडणारं माणूस नेहमी आरडाओरडा करत नाही. पुष्कळदा ते गप्पच असतं. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे टाकलेलं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबल्यासारखे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. पोरं पाण्यात असताना आवाज थांबला, की आधी तिकडे बघायचं.

आणि बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. त्यात मोलाचा वेळ जातो. एकीनं लगेच १०८ ला फोन लावायचा. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध दाब द्यायचे. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. बुडालेल्याला हवाच मिळालेली नसते, म्हणून श्वास देणं फार गरजेचं. हे मात्र नुसतं ऐकून येत नाही. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा, पुतळ्यावर हातानं करून शिका. आणि माणूस शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच.

आता घरच्यांच्या अडचणी. आम्हाला ज्या आल्या त्या तुम्हालाही येणार.

पहिली कपड्यांची. "पाण्यात काय घालणार?" हा प्रश्न आमच्या सगळ्या घरांत आला. साडी पाण्यात पायांत गुंडाळते, पदर गळ्याशी येतो, आणि बाहेर येताना भिजलेल्या साडीचं वजन खाली ओढतं. सुती सलवारही भिजून फुगते. आम्ही पोहण्याच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख घेतला. अंग झाकलेलं राहतं आणि पाणीही धरत नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ झांजीबार बेट आहे. तिथल्या मुस्लीम घरांतल्या मुली असाच अंगभर पोशाख घालून समुद्रात पोहायला शिकल्या. त्यांना जमलं तर आपल्याला का नाही? मात्र शेवटच्या आठवड्यात बाईंनी आम्हाला एकदा साडीतच पाण्यात उतरवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत. कारण खरा प्रसंग आला तर आपण साडीतच असणार.

दुसरी वयाची. अठ्ठावन्न वर्षांच्या आमच्या काकींना सगळे हसले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. उपचार म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. आपल्याला पदक नको, काठ गाठता आला तरी पुरे. पण ज्यांना फिट येतात, हृदयाचा त्रास आहे, कान वाहतो किंवा दिवस गेलेले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. पाळीचे चार दिवस आम्ही सुट्टी घेतली, ती सोयीसाठी, विटाळ म्हणून नाही.

तिसरी, "शिकून करणार काय?" यावर आम्ही वाद घातला नाही. त्या दोघी जावांची नावं घेतली. पुढे कुणी बोललं नाही.

शिकवणारं माणूस कसं निवडायचं? आम्ही चार गोष्टी बघितल्या, त्या वहीत लिहून घ्या. त्यांना स्वतःला पाण्यातून माणूस काढता येतं का आणि प्रथमोपचार येतात का? एका वेळी किती जणींना घेतात? नवशिक्यांच्या वेळी पाच-सहांपेक्षा जास्त असतील तर लक्ष राहत नाही. सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात करतात का? आणि घाबरलेल्या बाईला हसतात, की थांबतात? जो शिक्षक म्हणेल, "ट्यूब घाला आणि उतरा खोलात", त्याला नमस्कार करून परत यायचं. ट्यूब छातीवरून कमरेला सरकली की डोकं खाली आणि पाय वर होतात. शिवाय ट्यूबच्या भरवशावर तरंगलेल्या माणसाला तरंगणं आलेलं नसतं, ट्यूबला आलेलं असतं.

पण तालुक्याला तलावच नसेल तर? हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक तालुक्यांत नाही. इथे आपल्या शेजारचा बांगलादेश बघण्यासारखा आहे. तिथे गावोगाव तळी आहेत आणि पाण्यात लहान पोरं फार दगावायची. त्यांनी सिमेंटचे तलाव बांधायची वाट बघितली नाही. गावच्या तळ्यातच बांबू रोवून चौकोनी माचण बांधलं, त्याला बांबूचाच तळ केला, म्हणजे पोरांच्या पायाखाली आधार आणि चहूबाजूंनी कठडा. गावातल्याच तरुण मुलामुलींना तयार करून शिक्षक केलं. मूल २५ मीटर पोहलं, अर्धा मिनिट तरंगलं आणि काठावरून दुसऱ्याला वाचवायला शिकलं, की त्याचं शिकणं पुरं झालं असं धरायचे. बांबू आपल्याकडेही आहे आणि तळीही आहेत. तयार शिक्षक मात्र लागतो, त्याच्याशिवाय माचण बांधायचं नाही.

त्यासाठी पैसा? आपल्या ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. दरवर्षी त्यातून शिलाई मशीन नाहीतर सतरंज्या येतात. या वर्षी महिला ग्रामसभेत उठून विचारा, गावातल्या मुलींना आणि बायांना पोहायला शिकवणारं माणूस त्यातून आणता येईल का. विषय इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

आणि तोवर शेततळं असेल तर एवढं कराच. शासनाच्या योजनेतलं ३० बाय ३० मीटरचं शेततळं ३ मीटर खोल असतं, म्हणजे एकीवर एक दोघी उभ्या राहतील एवढं. त्याच्या उतारावर कागद असल्यानं चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, हात-पाय घसरतात. म्हणून चारही बाजूंना काठावर पक्की खुंटी ठोकून, हातभर अंतरानं गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडायचा. काठाला हवा भरलेली ट्यूब लांब दोरी बांधून ठेवायची. भोवती कुंपण आणि दाराला कडी. खर्च फार नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आमच्या शिवारात अकरा शेततळी आहेत. आम्ही नऊ जणींनी घरोघर जाऊन सांगितलं आणि आजवर आठ तळ्यांना दोर लागले. राहिलेल्या तिघांच्या मागे लागलोय. नऊतल्या सात जणींना आता तलावाची पूर्ण लांबी पोहता येते. एकीनं मध्येच सोडलं, पुन्हा येणार म्हणतेय. आणि आमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकी? त्यांना अजून पोहता येत नाही. पण त्या दहा मिनिटं उताण्या तरंगतात, डोळे मिटून. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एवढा वेळ कुणी हाक मारली नाही."

त्या दोघी जावांच्या घरात थोरलीची मुलगी आहे, नववीत. येत्या उन्हाळ्यात ती आमच्याबरोबर तलावावर येणार आहे. तिच्या आजीनंच आम्हाला बोलावून सांगितलं. फीसाठी गटानं ठराव केलाय.

तुमच्या गटात पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न विचारा: आपल्यात पोहायला कुणाला येतं? किती हात वर होतात ते मोजा आणि आम्हाला रेडिओवर कळवा. शिकवणी कुठे आहे, बायकांची वेळ कोणती, फी किती, हे सगळं आपण मिळून शोधू. तोवर पाण्याच्या काठाला जपून, आणि हाताशी दोर असू द्या. नमस्कार!